मुंबई-गोवा सायकल सफर : शेवटचे दोन दिवस जड का जातात?

थंडीचे दिवस सुरू झाले की मुंबई-पुण्याकडील सायकलस्वारांचे गट सागरी मार्गाने गोव्याकडे निघतात. मांडव्याला बोटीतून उतरायचे, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन मागे टाकायचे, बाणकोट, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडून रत्नागिरी गाठायची आणि तेथून सिंधुदुर्गमार्गे गोव्यात उतरायचे, अशी ही सुमारे साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरची वाट आहे. बहुतेक गट ती सहा-सात दिवसांत पुरी करतात. पहिल्या दिवशी दम लागतो, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि त्यानंतर शरीर रुळू लागते. त्यामुळे अखेरचे दोन दिवस सहज निघून जातील असा नवख्यांचा समज असतो. अनुभवी गटप्रमुख मात्र याच दोन दिवसांची अधिक धास्ती बाळगतात आणि त्यांची धास्ती अनाठायी नसते.

पहिले कारण शरीराच्या हिशेबाचे आहे. स्नायू व यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण पाचशे ग्रॅम साखर साठवतात. त्यातून सुमारे दोन हजार कॅलरी मिळतात. दिवसभराच्या सायकलिंगमध्ये या साठ्याचा मोठा भाग खर्च होतो आणि भरपूर पिष्टमय आहार घेतला तरी तो पूर्ववत व्हायला बहुधा चोवीस तास लागतात. मुक्कामाला पोहोचून पहाटे पुन्हा निघणाऱ्या स्वाराला तेवढा वेळ मिळत नाही. रोज थोडी तूट राहते, ती साचत जाते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी लहानशा चढावरही पाय उचलेनासे होतात. त्यात झोप अपुरी, बैठकीला घासून आलेले फोड आणि हँडलवर सतत भार दिल्याने करंगळी व अनामिकेला आलेल्या मुंग्या. ही शेवटची तक्रार किरकोळ वाटते. पण बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर आवळता येत नाही.

दुसरे कारण भूगोलाचे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर उंच घाट नाही, हे खरे. पण रस्ता एका खाडीवरून जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर उन्हात थोडा सपाट धावतो आणि लगेच पुढच्या खाडीकडे उतरतो. देवगडहून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करीत मालवणला येताना आणि मालवणहून नेरूरपार, परुळे, म्हापणमार्गे वेंगुर्ल्याकडे जाताना हाच क्रम दिवसभर चालतो. अशा शे-दीडशे फुटांच्या घाट्या मोजायच्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यांची बेरीज मात्र एखाद्या घाटाला मागे टाकते. मोठ्या घाटात स्वार एक लय पकडतो. येथे ती लय बसण्याआधीच मोडते.

धोका तरीही चढापेक्षा उताराला अधिक. ताशी तीस किलोमीटरने धावणारी सायकल थांबवण्यास जेवढी ऊर्जा ब्रेकने गिळावी लागते, तिच्या जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा ताशी पन्नासला गिळावी लागते. पाच दिवसांची वाळू, खारी हवा आणि उतार यांनी ब्रेकचे रबर तोवर झिजलेले असते. निघताना तपासलेली सायकल आणि मालवणला पोहोचलेली सायकल एकच नव्हे, असे समजून तेथे तासभर थांबणे, चेन पुसून तेल देणे, ब्रेक पॅड बदलणे शहाणपणाचे. हा तास बहुतेक गट सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यात घालवतात. दोन्ही साधता आले तर उत्तमच. एकच साधायचे असेल तर किल्ला साडेतीनशे वर्षे उभा आहे, तो पुन्हा पाहता येईल.

वारा मात्र या दिशेने जाणाऱ्यांना अनुकूल असतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. दक्षिणेकडे निघालेल्या सायकलीला दुपारी पाठीमागून थोडा रेटा मिळतो. याच रेट्याने एक वेगळी अडचण उभी राहते: मजबूत स्वार पुढे निघून जातात.

गटाच्या सफरीचा खरा कस येथे लागतो. सांज झाली की गुरे गोठ्याच्या दिशेने पावले उचलतात, तसे गोव्याच्या पाट्या दिसू लागल्या की स्वारांचे होते. आठवडाभर एकमेकांसाठी थांबणारी माणसे अखेरच्या दिवशी थांबेनाशी होतात. मागे राहिलेला त्यांना गाठण्यासाठी जीव काढून पायडल मारतो, फाट्यावर चुकतो, किंवा पुढच्याच्या मागील चाकाला आपले पुढचे चाक लावून पडतो. अशा घासाघाशीत पुढचा सहसा सावरतो आणि मागचा आपटतो. म्हणून जुने गट सर्वांत मंद स्वाराला अखेरीस न ठेवता गटप्रमुखाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर ठेवतात. त्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि सगळ्यांचा वेग आपोआप त्याच्या वेगाशी बांधला जातो. परुळे-म्हापण भागात गावरस्त्यांचे फाटे पुष्कळ. तेथे शेवटचा स्वार दिसेपर्यंत कोणीही वळायचे नाही, हा नियम पाळावाच लागतो.

सर्वांत कठीण निर्णय असतो तो एखाद्याला सोबतच्या टेम्पोत बसवण्याचा. पाचशे किलोमीटर रेटून आलेल्या माणसाला शेवटच्या साठासाठी उतरायला सांगणे कुणालाच आवडत नाही. पण खुणा स्पष्ट असतात. स्नायूंचे दुखणे पहिल्या तासानंतर बहुधा हलके होते. गुडघ्यातील इजा प्रत्येक फेऱ्यागणिक वाढते. गडद लघवी आणि चक्कर ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. उलट डोकेदुखी, मळमळ, बोटांना सूज आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर नुसते पाणी फार प्यायल्याने रक्तातील मीठ उतरल्याची शंका घ्यावी. अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक. तेथे डॉक्टरच हवा. घामाने मीठ जाते तेव्हा उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे ही कोकणातील न्याहारी महागड्या पावडरींपेक्षा कमी उपयोगाची नाही.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना वाटेत आरवली लागते. तेथील वेतोबाला भाविक मोठाले चामडी जोडे वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि जोडे झिजवतो, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या ब्रेकनिशी येथवर आलेल्या स्वारांना ती चटकन पटावी. शिरोडा आणि रेडी मागे पडली की तेरेखोलचा किल्ला येतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकावला होता. हे गाव गोव्याचे असले तरी नदीच्या उत्तर तीरावर आहे. त्यामुळे गोव्यात पोहोचूनही गोवा पलीकडेच राहतो आणि केरीला जाण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहावी लागते. ओहोटीला कधी खोळंबा होतो. घाई असलेले गट आरोंदा-किरणपाणी पुलावरून येतात. फेरीने जाणाऱ्यांनी धक्क्याच्या शेवाळलेल्या उतरणीवर सायकल हाताने न्यावी.

केरीपासून पणजी सुमारे चाळीस किलोमीटर. शिवोलीचा पूल ओलांडल्यावर म्हापशाहून महामार्ग धरण्याचा मोह होतो. पर्वरीचा उतार, जड वाहतूक आणि दमलेले स्वार, हा योग टाळण्याजोगा आहे. अटल सेतूवर दुचाकींना मनाईच आहे. त्यापेक्षा साळगाव, पिळर्ण, वेरे अशा आतल्या रस्त्याने बेतीला उतरून फेरीने मांडवी ओलांडणे अधिक सुरक्षित. टेम्पोत बसवलेल्या स्वाराला प्रकृती ठीक असल्यास शिवोलीपासून पुन्हा सायकलवर घेण्याची पद्धत काही गटांत आहे. बेतीच्या धक्क्यावर मग सगळे एकत्र पोहोचतात.

परतीची सायकल रेल्वेने धाडायची असेल तर थिवीपेक्षा मडगाव सोयीचे, कारण थिवीला गाड्या फार कमी वेळ थांबतात. पार्सल नोंदवण्यापूर्वी पायडल काढून घ्यावेत, हँडल आडवे वळवावे आणि गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधावा.