दुखणं अंगावर काढू नका!

मैत्रिणींनो, नाशिकरोडला आमच्या शेजारच्या काकूंची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. पुन्हा डाग लागू लागले, तरी त्या सहा महिने गप्प! "उष्णता असेल" म्हणून सब्जाचं पाणी पीत राहिल्या. मला कळलं तेही पापड लाटता लाटता.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं किंवा अंगावरून घाण वासाचं पांढरं जाऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवायचंच. दरवेळी कर्करोग असतो असं मुळीच नाही.

आणि काही त्रास नसतानाही तपासणी करता येते बरं का! मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्याजणींच्या पिशवीच्या तोंडाला दर दोन वर्षांनी सौम्य व्हिनेगर लावून, मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते पाहत. पाहणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका! २०१३ साली निष्कर्ष आला : त्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. (घरची व्हिनेगरची बाटली मात्र लोणच्यालाच ठेवा, हं!)

घरातले पुरुषही काही कमी नाहीत. रात्री चारदा लघवीला उठतील, पण प्रोस्टेट दाखवायला जाणार नाहीत.

काकूंना शेवटी मीच घेऊन गेले. तपासणीत साधी गाठ निघाली. परतताना रिक्षात म्हणाल्या, "सहा महिन्यांत एक रात्र धड झोपले नाही गं."