मालमोटार मागे नेण्याचे शास्त्र

दिल्लीची खारी बावली, कोलकात्याचा बडाबाजार किंवा मुंबईचे मशीद बंदर यांसारख्या जुन्या व्यापारी पेठांत एक दृश्य नित्य पाहावयास मिळते. पोत्यांनी भरलेली मालमोटार गोदामाच्या दारासमोर येऊन उभी राहते. दार गाडीपेक्षा जेमतेम हातभर रुंद असते. क्लीनर खाली उतरतो आणि गाडीच्या फळ्यांवर थाप मारीत 'आने दो, आने दो' असा पुकारा करू लागतो. गाडी थोडी मागे सरते, थांबते, पुन्हा पुढे येते. तोवर रस्ता अडलेला असतो, कर्णे वाजू लागतात, बघे जमतात आणि ज्याने आयुष्यात कधी सुकाणूचक्र हाती धरलेले नाही असा मनुष्यही चालकास सल्ला देऊ लागतो. तिसऱ्या वा चौथ्या प्रयत्नानंतर चालक ओशाळून जातो.

जो चालक शेकडो किलोमीटरचा मार्ग निर्वेधपणे पार करून आला, त्यास अखेरचे दहा मीटर इतके जड का जावेत? या प्रश्नाचे उत्तर भूमितीत सापडते. ते जाणून घेतले म्हणजे चालकाच्या फजितीचे हसू येत नाही. शिवाय गाडी मागे येत असता आपण कोठे उभे राहावे आणि कोठे उभे राहू नये, हेही कळते.

वळणाचे केंद्र

मालमोटारीची मागील चाके एकाच दिशेत पक्की बसविलेली असतात. वळतात ती केवळ पुढील चाके. वळणावर कोणतेही चाक आडवे घसरू नये, अशी इच्छा असेल तर सर्व चाकांचे आस एकाच बिंदूकडे रोखलेले असले पाहिजेत. मागील चाके वळत नसल्यामुळे हा बिंदू नेहमी मागील आसाच्या वाढविलेल्या रेषेवर पडतो. यासाठी पुढील दोन चाकांपैकी वळणाच्या आतील बाजूचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा थोडे अधिक वळावे लागते. ही योजना म्यूनिक येथील गाड्या बांधणारे गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी काढली आणि रुडॉल्फ आकरमान यांनी 1818 साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे मोटारीनेही तीच उचलली.

आता एक उदाहरण घेऊ. एका मालमोटारीच्या पुढील व मागील आसांतील अंतर 5 मीटर आणि तिची रुंदी 2.5 मीटर आहे. पुढील आसाच्या पुढे तिचा 1.25 मीटर भाग आलेला आहे. पुढील चाके सरासरी 30 अंशांनी वळविली, तर पुढील आसाचा मध्य 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. मागील आसाचा मध्य मात्र 8.66 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. म्हणजे मागील भाग पुढच्या भागाच्या मार्गावरून न जाता सुमारे 1.3 मीटर आतून जातो. गाडीचा बाहेरील पुढचा कोपरा 11.7 मीटर त्रिज्येचा वळसा घेतो, तर मागील आसापाशी गाडीची आतील बाजू 7.4 मीटरच्या वळशात राहते. याचा अर्थ असा की, 2.5 मीटर रुंदीच्या गाडीस वळण्यासाठी 4.3 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो. विद्यार्थ्यांस कंपास व पट्टी घेऊन ही आकृती कागदावर काढून पाहता येईल.

यावरून एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. अरुंद जागेत गाडी पुढून घालण्यापेक्षा मागून घालणे भूमितीच्या दृष्टीने सोयीचे असते. पुढून शिरताना मागील चाके आतल्या बाजूने येऊन दाराच्या चौकटीस धडकतात. मागून शिरताना न वळणारा भाग प्रथम दारात नेमका बसविता येतो आणि पुढील भागास वळण्यास लागणारी जागा बाहेरच्या रस्त्यावर मिळते. माल बहुधा मागूनच उतरवावयाचा असतो, हे दुसरे कारण आहेच. तेव्हा चालक गाडी मागे नेतो ती गत्यंतर नसते म्हणून. पण ती वाट योग्यही असते.

चूक का वाढत जाते

मग अडचण कोठे आहे? सावकाश चालणारी गाडी ज्या वक्रावरून पुढे जाते, त्याच वक्रावरून ती मागेही येऊ शकते. परंतु दोन्ही वेळी चुकीचे वर्तन सारखे नसते. पुढे जाताना वळणारी चाके अग्रभागी असतात आणि उरलेली गाडी त्यांच्यामागून ओढली जाते. त्यामुळे तिचा तिरपेपणा आपोआप कमी होत जातो. मागे जाताना न वळणारी चाके अग्रभागी येतात. त्यांची दिशा बदलावयाची तर गाडीचे दुसरे टोक बाजूला फेकावे लागते. सुकाणूचक्र डावीकडे फिरविले की मागील भाग डावीकडे जातो, पण त्याच वेळी पुढील भाग उजवीकडे झेपावतो. मागच्या चौकटीवर दृष्टी खिळलेल्या चालकाच्या गाडीचा पुढचा कोपरा समोरच्या भिंतीस किंवा खांबास लागतो, तो यामुळेच.

शिवाय चूक अगदी लहान असली तरी तिचा परिणाम लहान राहत नाही. गाडीची दिशा केवळ 1 अंशाने चुकली तर 10 मीटर मागे गेल्यावर ती 17 सेंटीमीटर बाजूला सरकते. 3 अंशांनी चुकली तर 52 सेंटीमीटर. दाराच्या दोन्ही बाजूंस 20 सेंटीमीटर जागा मोकळी असेल, तर 3 अंशांची चूक गाडी भिंतीवर नेऊन आदळण्यास पुरेशी आहे. आणि 3 अंशांचा तिरपेपणा आरशात पाहून ओळखणे सरावलेल्या डोळ्यासही सोपे नाही.

जोडगाडीचा प्रश्न

मालमोटारीस मागे ट्रेलर जोडलेला असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. बाजारातील दोन चाकांची हातगाडी डोळ्यांपुढे आणावी. ती ओढीत नेली तर मुकाट्याने मागून येते. तीच पुढे ढकलताना उजवीकडे वळवावयाची असेल, तर दांडी डावीकडे न्यावी लागते. ट्रेलर मागे नेणारा चालक नेमके हेच करतो. ट्रेलरचे टोक डावीकडे न्यावयाचे असता तो सुकाणूचक्र प्रथम उजवीकडे फिरवितो आणि हवा तितका कोन होताच ते उलट फिरवून त्या कोनाच्या मागोमाग जातो.

येथे चुकीची वाढ मोजून दाखविता येते. जोडापासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर 8 मीटर असून ओढणारी गाडी सरळ मागे जात आहे, असे समजू. आरंभी दोहोंमध्ये 2 अंशांचा कोन असेल, तर 8 मीटर मागे गेल्यावर तो 5.4 अंश होतो, 16 मीटरनंतर सुमारे 15 अंश आणि 24 मीटरनंतर सुमारे 39 अंश. तळहातावर उभी धरलेली काठी जशी एकदा कलू लागली की अधिकाधिक वेगाने कलते, तसाच हा प्रकार आहे. काठी सावरण्यासाठी हात जसा सतत हलवावा लागतो, तसे सुकाणूचक्रही सतत हलवावे लागते. कोन एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे चाके पूर्ण वळवूनही तो मागे जाताना सावरता येत नाही. गाडी चाकूसारखी मिटू लागते. अशा वेळी एकच उपाय उरतो: थांबणे आणि गाडी पुढे ओढून पुन्हा सरळ करणे.

यंत्राची शिकवणी

हे कार्य किती कठीण आहे, याची साक्ष संगणकशास्त्रानेही दिली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डेरिक न्यूयेन व बर्नार्ड विड्रो यांनी 1989 साली ट्रेलर जोडलेली मालमोटार मागे नेऊन धक्क्यास लावण्याचा प्रश्न कृत्रिम मज्जाजालापुढे ठेवला. गाडी खरी नव्हती. तिचे गणिती प्रतिरूप संगणकात चालविले होते. प्रथम तिला धक्क्याजवळ उभी करून सोपे धडे दिले गेले, नंतर दूरच्या व अवघड जागा दिल्या गेल्या. हजारो वेळा मागे गेल्यानंतर ते जाल हे काम शिकले. माणसाचे शिक्षणही याच क्रमाने होते. अंतर एवढेच की, संगणकातील गाडी कितीही वेळा आदळली तरी कोणी जखमी होत नाही आणि भोवती बघेही जमत नाहीत.

न दिसणारी जागा

भूमितीचा प्रश्न सरावाने सुटतो. दृष्टीचा प्रश्न केवळ सरावाने सुटत नाही. मालाने भरलेल्या गाडीत मागील खिडकीतून काहीही दिसत नाही. चालकास आधार असतो तो बाजूच्या आरशांचा. हे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. त्यांत अधिक क्षेत्र दिसते, पण वस्तू लहान आणि म्हणून दूर असल्यासारख्या भासतात. भारतात चालक उजवीकडे बसतो. म्हणून गाडी उजवीकडे वळवीत मागे नेताना त्यास खिडकीतून मान बाहेर काढून मागील कोपरा प्रत्यक्ष पाहता येतो. डावीकडे वळताना मात्र त्या बाजूचा कोपरा त्यास असा प्रत्यक्ष पाहता येत नाही. आणि गाडीच्या पाठीमागे अगदी लगत उभे असलेले मूल बाजूच्या कोणत्याही आरशात दिसत नाही. येथे प्रश्न फजितीचा राहत नाही, प्राणांचा होतो.

म्हणूनच क्लीनरचे काम दुय्यम समजता येत नाही. तो चालकाचा मागील डोळा असतो. त्याने गाडीच्या थेट मागे उभे न राहता बाजूस, आरशात दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. तो दिसेनासा होताच चालकाने गाडी थांबवावी. खुणा करणारा एकच असावा. चारजण चार दिशांनी ओरडू लागले, म्हणजे 'येऊ द्या' आणि 'थांबा' हे दोन्ही शब्द एकाच वेळी ऐकू येतात. भारतात 1989 साली लागू झालेल्या रस्त्याच्या विनियमांत असे सांगितले होते की, कोणास धोका वा गैरवाजवी अडचण होणार नाही अशी खात्री केल्यावाचून गाडी मागे नेऊ नये आणि जरुरीपेक्षा अधिक अंतर नेऊ नये. त्या विनियमांची जागा 2017 साली नव्या विनियमांनी घेतली. त्यांमागील तत्त्व मात्र जुने होणारे नाही. नव्या प्रवासी मोटारींत मागील अडथळ्याची सूचना देणारे उपकरण 1 जुलै 2019 पासून आवश्यक झाले. अशी उपकरणे साहाय्यक ठरतात, परंतु गाडीतून उतरून मागे एक फेरी मारण्याची सवय त्यांच्यामुळे अनावश्यक होत नाही.

गाडी पुन्हा पुढे घेणारा चालक अडाणी नसतो. वाढत जाणारी चूक तो वेळीच शून्यावर आणीत असतो. त्यास घाई करावयास लावणारा कर्णा त्या चुकीत भरच घालतो. बघ्यांनी करण्यासारखी मदत दोनच प्रकारची आहे. गाडीच्या मागील व पुढील बाजूची जागा रिकामी करावी, आणि लहान मुलांस हाताशी धरून दूर उभे राहावे. उरलेले काम चालक, त्याचा सहायक आणि थोडा धीर यांवर सोपविणे इष्ट.