यंत्रांचा तोल, लेखांक ६ : निम्म्या वेगावरचा हादरा

फिरत्या भागाचा तोल समोर वजन बसवून साधता येतो, हे मागच्या लेखांकात पाहिले. पिस्टन मात्र फिरत नाही, मागेपुढे धावतो. त्याचा धक्का क्रँकवरच्या वजनाने कमी करायला जावे, तर तो काटकोनात डोके वर काढतो. पोलादपूरच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या एका सिलिंडरच्या पॉवर टिलरचे दांडे हाताला मुंग्या आणतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि शिकवताना ती पुष्कळदा इथेच संपवली जाते याची मला खंत वाटते.

कनेक्टिंग रॉडची लांबी मर्यादित असल्याने पिस्टन वरच्या टोकाला खालच्यापेक्षा अधिक झपाट्याने वळतो. रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट असेल, तर या दोन ठिकाणच्या त्वरणांचे प्रमाण ५:३ पडते. या विषमतेतूनच एका फेऱ्यात दोनदा येणारा दुय्यम धक्का जन्मतो. तो दाखवायला महागडी यंत्रणा लागत नाही. स्प्रिंगांवर बसवलेले, स्वतःच्या लयीत सेकंदाला १० वेळा वरखाली होणारे स्टँड घ्यावे. त्यावर उभ्या सिलिंडरात १ किलोचा पिस्टन आणि ५० मिलिमीटर त्रिज्येची क्रँक. मोटरचा वेग सावकाश वाढवत नेला की मिनिटाला ६०० फेऱ्यांवर स्टँड जोरात हादरते. तिथे मुख्य धक्का सुमारे २०० न्यूटन, म्हणजे २० किलोच्या भाराएवढा असतो. पण त्याआधी, ३०० फेऱ्यांच्या आसपासच, ते एकदा थरथरून जाते. तिथे दुय्यम धक्का जेमतेम १२ न्यूटन, सव्वा किलोचा भार. तरी तो सेकंदाला १० वेळा, नेमका स्टँडच्या लयीत येतो, म्हणून त्याचा परिणाम साठत जातो. मोठ्या शिखराच्या सोळाव्या हिश्शाएवढे हे छोटे शिखर मला साऱ्या प्रयोगाचा गाभा वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कपलिंग किंचित वाकडे बसले तरी एका फेऱ्यात दोन धक्के येतात. मग दोष रॉडच्या लांबीचाच कशावरून? त्याचे उत्तर वादाने न देता रॉड बदलून द्यावे. चौपटीऐवजी सहापट लांबीचा रॉड घालावा आणि मागेपुढे धावणारे एकूण वजन पहिल्याइतकेच राहील अशी पिस्टनच्या वजनात दुरुस्ती करावी. मोठे शिखर जागच्या जागी राहून छोटे एक तृतीयांशाने खाली आले, तर कारण सापडले. ते हलले नाही, तर कपलिंग तपासावे. संगणकावर हे सारे विनाखर्च दिसते, असेही म्हटले जाते. दिसते खरे, पण समीकरणात वाकडे कपलिंग कोणी घातलेच नसेल, तर संगणक ते शोधून देणार नाही.

इतक्या लहान धक्क्याची एवढी काळजी कशाला, असे विचारणाऱ्याने आंबेनळी घाट चढणाऱ्या मोटारींची इंजिने आठवावीत. नेहमीच्या चार सिलिंडरांच्या सरळ रांगेत मुख्य धक्के एकमेकांना काटतात, दुय्यम मात्र चारही एकाच वेळी एकाच दिशेने येऊन बेरीज करतात. त्यांना शमवण्यासाठीच इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या वजनांची युक्ती काढली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागणारा, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून बाहेर पडलेला अभियंता उद्या मिनिटाला ४५० फेऱ्यांचा पिस्टन कॉम्प्रेसर बसवील, तेव्हा पायाची लय ४५० पासून दूर आहे एवढे पाहून त्याने थांबू नये. ती ९०० च्या जवळ तर नाही ना, हेही त्याने बोल्ट आवळण्याआधीच मोजलेले असावे.