सर्व्हर स्लो आहे, म्हणजे नक्की काय स्लो आहे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त थोडा आवरून घेतलाय. भाग गगनबावड्यात रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मागे पाऊस ऐकू येईल. त्याला इलाज नाही.

आजचा विषय स्टोरेज. तुमच्या फोनमधलं १२८ जीबीवालं नाही, तर डेटा सेंटरमधलं. त्याच्याशी आपला काय संबंध? १ मे २०१८ ला राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. १५ रुपये भरायचे, उतारा मोबाइलवर. म्हणजे तलाठ्याच्या दप्तराची जागा कुठल्यातरी डिस्कनं घेतली. दाखले, बँक, रेशन, सगळ्याचं तसंच. मग एखादा माणूस वाडीवरून रोजगार बुडवून येतो, रांगेत उभा राहतो आणि त्याला ऐकू येतं, "सर्व्हर स्लो आहे, उद्या या." दोष नेटवर्कचा असेल, सॉफ्टवेअरचा असेल किंवा स्टोरेजचा. स्टोरेजचा आहे का, हे ओळखायचं कसं, तेवढंच आज बघू.

पहिली गोष्ट: किती मावतं आणि किती वेगानं बाहेर येतं, हे दोन वेगळे आकडे आहेत. कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. पण पावसाळ्यात आपण विचारतो, स्वयंचलित दरवाजे किती उघडले? एका दरवाजातून १४२८ क्युसेक. टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे विसर्ग. स्टोरेज विकणारे बहुतेक वेळा टीएमसी सांगतात, आपल्याला अडचण येते ती क्युसेकची.

स्टोरेजचा वेग तीन आकड्यांत मोजतात. थ्रूपुट म्हणजे सेकंदाला किती एमबी वाहतात. आयओपीएस म्हणजे सेकंदाला किती स्वतंत्र वाचन-लेखनाची कामं होतात. लेटन्सी म्हणजे एका कामाला किती वेळ लागतो.

हे तीन वेगळे का, ते साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर बघा. ती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. सुई योग्य जागी सरकायला धरा ८. एका कामाला झाले १२. सेकंदात अशी जेमतेम ८० कामं. प्रत्येक काम ४ केबीचं असेल तर सेकंदाला फक्त ३२० केबी! तीच डिस्क एक लांबलचक व्हिडिओ सलग वाचताना सेकंदाला २०० एमबीच्या आसपास देते. डिस्क तीच, फरक सहाशे पटीचा. आणि हजारो लोक वेगवेगळ्या गटांचे उतारे मागतात, तेव्हा काम सलग नसतं, विखुरलेलं असतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून तिथे एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं.

मोठ्या स्टोरेजमध्ये अनेक डिस्क एकत्र बांधतात. याला रेड म्हणतात. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली. ८० कामांच्या ८ डिस्क घेतल्या तर वाचनाची कामं ६४०. पण रेड ५ मध्ये एक छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका लेखनामागे चार कामं! ६४० चे उरले १६०. डिस्क गेली तरी डेटा वाचतो, त्याची ही किंमत.

वर दोन कंट्रोलर असतात. गगनबावड्यातून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत, तसंच समजा. एक बंद पडला तर दुसरा आहे, पण सगळी गर्दी त्याच्यावर येते. म्हणून एक कंट्रोलर मुद्दाम बंद करूनही वेग मोजायचा.

मोजायला एफआयओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेलं. पण दोन पथ्यं पाळा. टेस्टची फाइल कॅशेपेक्षा बरीच मोठी घ्या, नाहीतर डिस्क बाजूला राहते आणि तुम्ही कॅशेच मोजत बसता. आणि टेस्ट दोन मिनिटांत थांबवू नका. बऱ्याच एसएसडी सुरुवातीला जोरात लिहितात, मग दम लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरासरीवर विश्वास ठेवू नका. समजा १०० वाचनांपैकी ९९ वाचनं १ मिलिसेकंदात झाली आणि एकाला ५०० लागले. सरासरी येते ६. छान वाटतं ना? पण एक पान उघडायला अशी ५० वाचनं लागत असतील, तर त्यातलं निदान एक रखडण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. म्हणजे अहवालात सगळं हिरवं आणि रांगेतली शंभरातली चाळीस माणसं खोळंबलेली. म्हणून विचारायचं ते '९९ वा पर्सेंटाइल' किती. म्हणजे १०० पैकी ९९ कामं किती वेळाच्या आत झाली. जमलं तर ९९.९ वा पण विचारा.

तुमच्यापैकी कुणी उद्या एखाद्या पतसंस्थेत, दूध संघात किंवा सरकारी ऑफिसात आयटी सांभाळायला लागेल. खरेदीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "आमचं स्टोरेज दहा लाख आयओपीएस देतं", तर चार प्रश्न विचारा: किती केबीचं एक काम धरलं? वाचन किती, लेखन किती? तेव्हा लेटन्सी किती होती? आणि ९९ वा पर्सेंटाइल? उत्तरं आली नाहीत, तर तो आकडा जाहिरातीचा समजा.

पुढच्या भागात बॅकअप. काही अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, उत्तर त्याच भागात देतो. भेटू!