अॅल्युमिनियमची चकाकी आणि जिवाची काळजी



सिंहगड रस्त्यावरील धायरी-नऱ्हे भागात लहान लहान वर्कशॉप पुष्कळ आहेत. अॅल्युमिनियमचे भाग घडवून ते चकचकीत करण्याचे काम अशा शेडमधून चालते. आपल्यापैकी कित्येकांची मुले असल्या कामावर जातात. शिवाय धायरीजवळून जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी पुढे हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला मिळते. म्हणून हा विषय आपल्या पत्रिकेत घेत आहोत.

भागाला चकाकी आणण्याची जुनी रीत म्हणजे गरम फॉस्फोरिक आणि नायट्रिक अॅसिडच्या मिश्रणात तो बुडवणे. चकाकी येते खरी, पण त्यातून तांबूस-पिवळा धूर निघतो. तो छातीत गेला तर माणसाला त्या वेळी फारसे काही वाटत नाही. मात्र काही तासांनी फुफ्फुसात पाणी होऊन जिवावर बेतू शकते. धूर लागला की बरे वाटत असले तरी दवाखाना गाठावा.

त्याहून फसवे हायड्रोफ्लोरिक अॅसिड. काही तयार क्लीनरमध्ये ते असते. पातळ असेल तर हाताला लागल्याचे लगेच कळतसुद्धा नाही. ते आत हाडापर्यंत उतरते, रक्तातला कॅल्शियम ओढते आणि हृदयावर परिणाम करते. लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळावे आणि विनाविलंब रुग्णालयात जावे. लेबल न वाचता बाटली उघडू नये.

कॉस्टिक सोडाही नको. आपल्या कारखान्यांत भांडी उकळून साफ करायला तो वापरतात, पण ती लोखंडाची. अॅल्युमिनियमला तो खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. जवळ विडी पेटली तर भडका.

मग सोपा मार्ग कोणता? फवारणी पंपाचे भाग, दुधाचा कॅन, इंजिनाचे झाकण आधी साबणाने धुवून तेलकटपणा काढावा. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत, विरघळवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि स्वच्छ धुवावे. आपल्या आयाबाया चिंचेने पातेली उजळत, त्यातलेच हे तत्त्व. हे लिंबूसत उसाच्या मळीपासूनही बनवता येते, हे आपल्याला ठाऊक असावे. डाग गेल्यावर कापडाने पॉलिश मारावे. आरशासारखी चकाकी येणार नाही. पण हात शाबूत राहतील.

वर्कशॉपमध्ये नायट्रिकविना चालणारी फॉस्फोरिक-सल्फ्युरिकची पद्धतही आहे. धूर कमी, तरी अॅसिड ते अॅसिडच! हातमोजे, चष्मा, धूर खेचणारा पंखा हवाच. पाण्यात अॅसिड ओतावे. अॅसिडमध्ये पाणी कधीही नाही. वापरलेले पाणी चुन्याने शमवल्याशिवाय ओढ्यात किंवा कालव्यात सोडू नये.

मुलगा असल्या कामावर असेल तर आज रात्री जेवताना एवढे विचाराच: बाबा रे, तुमच्या शेडमध्ये पंखा चालू असतो ना?