घरचे पाळणाघर आणि दोन पानांचा करार

"आपल्याच ओळखीतले लोक, त्यांच्याकडून सही काय घ्यायची?" घरी पाळणाघर सुरू करणाऱ्या आपल्या बहुतेक भगिनी असेच म्हणतात. इंदूरच्या मराठी समाजात ओळख निघतेच, कुणी गणेशोत्सवातली, कुणी माहेरच्या गल्लीतली. आमचे मत उलट आहे. अनोळखी माणसाकडे राहिलेली फी मागता येते, पण मैत्रिणीच्या सुनेकडे मागताना जीभ अडखळते. मग मनात साठत जाते आणि एक दिवस फीही जाते, मैत्रीही. म्हणून ओळखीत कागद जास्त गरजेचा.

कायद्याने तोंडी करारही करारच असतो. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि अशा कामासाठी लेखी कागदच हवा, अशी त्याची अट नाही. पण काय ठरले होते हे सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळे आठवते. दोन पाने पुरतात. आई आणि वडील दोघांच्या सह्या, तारीख, एक प्रत त्यांना, एक आपल्याकडे. पालक हिंदीभाषक असतील तर कागद हिंदीत करावा. सही करणाऱ्याला वाचता आला पाहिजे, एवढेच.

सगळ्यात जास्त कुरबूर होते ती मूल न आलेल्या दिवसांच्या फीवरून. मे महिन्यात मूल आजोळी जाते आणि पालक म्हणतात, "आलाच नाही, मग पैसे कसले?" त्यांचे म्हणणे वरवर रास्त वाटते, पण हिशेब मांडून पाहा. समजा चार मुले आहेत आणि प्रत्येकाची फी 4000 रुपये. महिन्याला 16000 येतात, त्यातून मदतनीस बाईंचे 5000 गेले की 11000 उरतात. दोन मुले महिनाभर गेली तर 8000 येतात, बाईंचा पगार तेवढाच, हाती राहतात 3000. शिवाय ती जागा कुणाला देता येत नाही, कारण जूनमध्ये मूल परत येणार असते. फी हजेरीची नसून राखून ठेवलेल्या जागेची आहे, हे करारात स्पष्ट लिहावे. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी आधी कळवली तर निम्मी फी, असा मधला मार्ग आम्हाला बरा वाटतो.

सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावी. दिवाळी सगळ्यांच्याच ध्यानात असते, रंगपंचमी राहून जाते. गेर निघते त्या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, पण पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्या आईला सुट्टी नसते. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या रात्रभर चालतात, तेव्हा दुसऱ्या दिवसाचेही ठरवून टाकावे.

मूल न्यायला उशीर झाला तर पहिली पंधरा मिनिटे सोडून द्यावीत, पुढे अर्ध्या तासाला ठरलेली रक्कम. ती माफक असावी. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड आणि अवाच्या सवा अनामत या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अन्याय्य कराराच्या व्याख्येत येतात. अनामत एका महिन्याच्या फीइतकी घ्यावी आणि शेवटच्या महिन्यात वळती करावी. पाळणाघर सोडताना किंवा मुलाला नाही म्हणताना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस ठेवावी.

आजारपणाचा नियम मात्र शब्द न शब्द लिहावा. सकाळी तापाचे औषध पाजून मूल सोडले जाते, तेव्हा अंग गार असते. चार-सहा तासांनी औषधाचा असर उतरतो आणि दुपारी ताप पुन्हा चढतो, तोवर बाकीच्या मुलांबरोबर खेळून झालेले असते. कामावर जाणाऱ्या आईची अडचण आम्हाला समजते, पण शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाचाही विचार करायला हवा. म्हणून असे लिहावे: 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असल्यास एका तासात मूल घरी न्यावे, आणि औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप नसेल तरच परत आणावे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि पालकांची लेखी सूचना असेल तरच द्यावे, घरगुती काढासुद्धा नाही. आजीचा आग्रह असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको.

मूल कुणाच्या हाती द्यायचे, त्यांची नावे फोटोसह घ्यावीत. "आज काका येतील" एवढा फोन पुरेसा धरू नये. आईवडील वेगळे राहत असतील तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत प्रवेशाच्या वेळीच मागावी. आदेश नसताना एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या पालकाला दारातून परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. विचारायला अवघड वाटते, पण संध्याकाळी दारात तमाशा होण्यापेक्षा बरे. मुलांचे फोटो स्टेटसला लावायचे की नाही, हेही त्याच कागदावर विचारून घ्यावे.

"काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" ही ओळ अनेकजणी घालतात. तिच्यावर विसंबू नये, निष्काळजीपणा झाला तर ती ओळ वाचवत नाही. त्याऐवजी मूल पडले तर आधी कुणाला फोन, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, खर्च कोण करणार, हे लिहावे. मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याची शंका आली तर पोक्सो कायदा 2012 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, घरातल्यांनी गप्प राहायला सांगितले तरीही. हे पालकांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवावे.

ज्यांच्याकडे मुले आधीपासून येत आहेत, त्यांनी एकदम कागद पुढे करू नये. फीवाढ कळवताना मसुदा सोबत द्यावा, आठ-दहा दिवस घरी वाचू द्यावा, पालकांनी सुचवलेले बदल पटले तर करावेत आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू करावा. नियम मात्र सगळ्यांना एकच ठेवावेत, नणंदेच्या मुलालासुद्धा.