इंजिनाचा कणा : क्रँकशाफ्ट काढणें, तपासणें व बसविणें

आटगांवचें स्टेशन कल्याण-कसारा रेल्वेमार्गावर आहे, आणि मुंबई-आग्रा हमरस्ताही आमच्या शहापूर तालुक्यांतूनच कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. त्यामुळें यंत्रांचा आवाज येथील विद्यार्थ्यांच्या कानांस लहानपणापासून परिचित असतो. मालमोटार, उतारूंची जीप, डिझेलवर चालणारा विहिरीवरील पंप, ह्या सर्वांच्या पोटांत एक पोलादी दांडा अखंड फिरत असतो. तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. परंतु तो निकामी झाला म्हणजे गाडी थांबते, आणि गाडीवर चालणारें घरही थांबतें. ह्या दांड्यास क्रँकशाफ्ट असें म्हणतात. तो इंजिनांतून बाहेर कसा काढावा, त्याची परीक्षा कशी करावी व तो पुन्हां जागेवर कसा बसवावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्याचें कार्य पाहूं. आपल्या घरांतील जातें डोळ्यांपुढें आणावें. जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या मध्यावर नसून कांठाजवळ असतो. दळणारीचा हात पुढें-मागें जातो, पण तळी मात्र वाटोळी फिरते. खुंटा मध्यावर ठोकला असता तर दळण कधींच झालें नसतें. इंजिनांत हाताचें काम पिस्टन करतो, मनगटाचें काम कनेक्टिंग रॉड करतो, आणि खुंट्याचें काम क्रँकशाफ्टची पिन करते. सरळ जाणाऱ्या गतीचें वर्तुळाकार गतींत रूपांतर करणें, हेंच ह्या दांड्याचें प्रयोजन होय. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आलेल्या आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांतही हेंच तत्त्व होतें.

उदाहरणासाठीं मुंबईची सुप्रसिद्ध प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेऊं. हिच्या इंजिनांत चार पिस्टन असत, व प्रत्येक पिस्टन ७५ मिलिमीटर खालीं-वर जाई. अर्थात् पिन ही दांड्याच्या मुख्य अक्षापासून साडेसदतीस मिलिमीटर दूर असे. दांडा तीन जागीं मुख्य बेअरिंगांत टेकलेला असे. इंजिन मिनिटास ३,००० फेरे करूं लागलें, म्हणजे दांडा एका सेकंदांत ५० वेळां फिरतो, आणि प्रत्येक स्फोटाचा आघात त्यास सोसावा लागतो. एवढें असूनही दांडा व बेअरिंग ह्या दोन धातूंचा एकमेकांस स्पर्श होऊं नये, अशी योजना असते. दोहोंमध्यें तेलाचा पातळ पडदा असतो, व दांडा त्या तेलावर जणूं तरंगत असतो. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या दांड्यास सामान्यतः पांच शतांश मिलिमीटर, म्हणजे केंसाच्या जाडीच्या आसपास, मोकळीक लागते. ती फार झाली तर तेल निसटून जातें. फार कमी झाली तर तेल आंत शिरत नाहीं व धातू तापून चिकटते.

बिघाडाची सूचना इंजिन स्वतःच देतें. ओझें घेऊन चढ चढतांना तळाकडून खोल ठोक ऐकूं येतो, तेलाचा दाब उतरतो, आणि काढलेल्या तेलांत धातूचा चकचकीत कीस दिसतो. ह्या सूचनांकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, ह्याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ कर्ज काढून घेतलेल्या जीपनें उतारूंची ने-आण करीत. ठोक येऊं लागल्यावर एका मिस्त्रीनें दांडा बाहेर काढला खरा, पण माप न घेतां नवीन बेअरिंगें घालून तो तसाच बसविला. खर्च थोडा आला, गाडी दोन दिवसांत रस्त्यावर आली, आणि मालकही संतुष्ट झाले. महिनाही लोटला नाहीं तोंच खर्डीपुढील चढावर एक रॉड तुटून इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. उतारूंस इजा झाली नाहीं हें सुदैव. परंतु जीप दोन महिने दाराशीं उभी राहिली, हप्ते थकले, आणि थोरल्या मुलास शाळेंतून काढावें कीं काय, अशी पाळी आली. शेजारच्या पिनी मापून पाहिल्या तेव्हां त्या वाटोळ्या राहिल्या नसून अंडाकृति झाल्या होत्या असें आढळलें. अंडाकृति पिनीवर वाटोळें बेअरिंग कसें टिकावें? दांडा हातांत असतांना अर्ध्या तासाचें मोजमाप टाळलें गेलें, आणि त्यापायीं सारें इंजिन गेलें.

आतां काढण्याची रीत सांगतों. प्रथम बॅटरीची तार सोडावी व तेल आणि पाणी काढून घ्यावें. इंजिन चेन ब्लॉकनें उचलून बाहेर घ्यावें. टांगलेल्या इंजिनाखालीं कोणीही हात वा पाय घालूं नये. मग क्लच व फ्लायव्हील, पुढील पुली, टायमिंगचें झांकण व चेन, आणि तळाचें तेलाचें चेंबर हीं क्रमानें काढावीं. चेन काढण्यापूर्वीं दांत्यांवरील खुणा जुळवून पाहाव्या, कारण व्हॉल्व्हांच्या उघडझापेचा मेळ त्या खुणांवर अवलंबून असतो. त्यानंतर रॉडांच्या व मुख्य बेअरिंगांच्या टोप्या सोडावयाच्या. प्रत्येक टोपीवर क्रमांक व दिशा ह्यांची खूण आहे कीं नाहीं हें पाहून, नसल्यास आधीं करावी. कारण टोपी व तिची बैठक एकत्र कातलेलीं असतात, आणि एकीची टोपी दुसरीस कधींच नीट बसत नाहीं. रॉडांचे बोल्ट बाहेर आलेले असल्यास त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवावे, म्हणजे पिनीवर ओरखडा पडणार नाहीं. मुख्य बोल्ट एकदम न सोडतां टोकांकडून मध्याकडे थोडे-थोडे ढिले करावे. शेवटीं दोघांनीं मिळून दांडा सरळ वर उचलावा, व तो भिंतीशीं तिरका टेकून न ठेवतां उभा टांगावा किंवा लांकडी खाचांवर आडवा ठेवावा.

परीक्षा हा ह्या कामाचा आत्मा होय. दांडा रॉकेलनें धुऊन त्यांतील तेलाचीं भोकें बारीक ब्रशनें साफ करावीं व हवेनें फुंकावीं. त्या भोकांत अडकलेला एक कण नवीन बेअरिंगाचा नाश करण्यास पुरेसा आहे. मग जर्नलांवरून नख फिरवावें. जेथें नख अडकतें तेथें चर पडला आहे असें समजावें. परंतु डोळा व नख ह्यांवर विसंबून चालत नाहीं. मायक्रोमीटर घेऊन प्रत्येक जर्नल व पिन ह्यांचा व्यास एकदां उभा, एकदां आडवा, आणि दोन्ही कडांजवळ मापावा. उभ्या-आडव्या मापांत फरक असल्यास जर्नल अंडाकृति झाला, व दोन्ही कडांच्या मापांत फरक असल्यास तो निमुळता झाला, असें ठरतें. प्रत्येक माप कागदावर लिहावें व कारखान्याच्या पुस्तकांतील मर्यादेशीं ताडून पाहावें. दांडा वांकला आहे कीं काय, हें त्यास खाचांवर फिरवून डायल गेजनें कळतें. आणि डोळ्यांस न दिसणारी भेग चुंबकीय चूर्णानें उघडकीस येते.

झीज मर्यादेबाहेर असल्यास दांडा ग्राइंडिंगसाठीं द्यावा. तेथें सर्व जर्नल सारख्या मापानें, बहुधा पाव किंवा अर्धा मिलिमीटर, कमी करितात व त्या मापाचीं जाड बेअरिंगें घालतात. जर्नल व बाजूची भिंत ह्यांच्या कोपऱ्यांत जी गोलाई असते ती मात्र तशीच राखली पाहिजे. तो कोपरा धारदार झाला तर तेथूनच पुढें भेग फुटते. दांड्यास भेग असल्यास तो टाकून देणें हेंच शहाणपण होय.

बसवितांना स्वच्छता ही पहिली अट आहे. बेअरिंगाची पाठ व तिची बैठक कोरडी व निर्मळ असावी, आणि दांडा ज्यावर फिरतो तो पृष्ठभाग तेलानें माखलेला असावा. बेअरिंगाचें भोंक तेलाच्या वाटेशीं जुळतें कीं नाहीं तें पाहावें. मोकळीक मोजण्यासाठीं प्लॅस्टिगेज नांवाची मऊ मेणासारखी काडी मिळते. ती कोरड्या जर्नलावर ठेवून टोपी पूर्ण आंवळावी, दांडा न फिरवितां टोपी पुन्हां काढावी, व चपटलेल्या काडीची रुंदी सोबतच्या पट्टीवर पाहावी. काडी जितकी रुंद, तितकी मोकळीक कमी. मग ती पुसून, तेल लावून, टोप्या आपापल्या क्रमांकानें बसवाव्या. बोल्ट मध्याकडून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांनीं, टॉर्क पान्यानें सांगितलेल्या जोरापर्यंतच आंवळावे. प्रत्येक टोपीनंतर दांडा हातानें फिरवून पाहावा. तो अडला तर कारण शोधल्यावांचून पुढें जाऊं नये. दांड्याची पुढें-मागें सरकण्याची जागा फीलर गेजनें मोजावी, नवीन ऑईल सील घालावें, व टायमिंगच्या खुणा पुन्हां जुळवाव्या. इंजिन सुरू करण्यापूर्वीं तेल सर्व वाटांनीं पोंचेल असें करावें, आणि पहिले कांहींशें किलोमीटर गाडी जड ओझें न घालतां बेतानें चालवावी.

ह्या विद्येशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें पद्मिनी बाहेर पडली. तिची अखेरची टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. १९४६ सालीं निघालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सनें शेतकऱ्याच्या विहिरीवर इंजिन पोंचविलें. १९६१ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या भारत फोर्जमध्यें तापलेलें पोलाद साच्यांत ठोकून क्रँकशाफ्ट घडविले जातात, व ते परदेशच्या वाहनांतही बसतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीस क्रँकशाफ्ट नसतो हें खरें. तथापि घाट चढणाऱ्या बहुतेक मालमोटारींच्या पोटांत तो आजही फिरत आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलगा अथवा मुलगी हात काळे करणारी विद्या शिकूं पाहत असेल, तर तिला हलकी समजूं नये. गणिताच्या तासास दशांश अपूर्णांक निरुपयोगी वाटणाऱ्या विद्यार्थ्यानें एकदां मायक्रोमीटर हातांत धरावा. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर एखाद्या कुटुंबाची भाकर कशी अवलंबून असते, हें त्यास तेथें समजेल. आणि जो मिस्त्री कोणी पाहत नसतांनाही प्रत्येक जर्नल चार वेळां मापतो, त्याच्या हातांत घाटांतल्या उतारूंचे प्राण निर्धास्तपणें सोंपवावे.